'व्हेरी स्मॉल'ला आता रजा द्या

प्रश्न : मी पदव्युत्तर वर्गात शिकते. प्रकल्पाचा अहवाल इंग्रजीत लिहिताना माझ्याकडून जिथे तिथे 'व्हेरी स्मॉल' लिहिलं जातं. मार्गदर्शकांनी त्या प्रत्येक जागेला गोल करून समासात 'दुसरा शब्द शोधा' एवढंच लिहिलंय. कोशात पाहिलं तर टायनी, मायन्यूट, मिनस्क्यूल, मायक्रोस्कोपिक, इन्फिनिटेसिमल अशी रांगच लागली. यातला कुठला कुठे वापरू?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : तुमच्या मार्गदर्शकांचं म्हणणं मला निम्मंच पटतं. 'व्हेरी स्मॉल' काढायलाच हवं, पण त्या जागी दर वेळी दुसरं विशेषण बसवलंच पाहिजे असं नाही. शास्त्रीय मजकूर तपासण्यात माझी हयात गेली. 'व्हेरी स्मॉल पार्टिकल्स' दिसलं की मी समासात एकच शब्द लिहायचे : केवढे? लेखकाने 'दोन मायक्रोमीटर व्यासाचे' असं उत्तर दिलं की विशेषण आपसूक गळून पडायचं. मोजमाप हाताशी असताना विशेषण वापरणं हा निव्वळ आळस.

मोजमाप नसेल तिथे मात्र शब्द पारखून घ्यावा लागतो. कोशात ही मंडळी एका ओळीत उभी असतात, त्यामुळे उतरत्या क्रमाने लावल्यासारखी वाटतात. प्रत्यक्षात प्रत्येकाचा स्वभाव निराळा. 'टायनी' घरगुती आणि लाडिक. तान्ह्या बाळाच्या बोटांना शोभतो, अहवालात पोरकट दिसतो.

'मायन्यूट' तुमच्या सगळ्यात कामाचा. त्याचं स्पेलिंग घड्याळातल्या मिनिटाचंच आहे, आणि कूळही तेच. लॅटिनमध्ये 'मिनूटा' म्हणजे बारीक केलेला. साठ भाग पाडून केलेला पहिला बारीक तुकडा तो मिनिट, आणि त्याचे पुन्हा साठ केले की दुसरा बारीक तुकडा, म्हणून सेकंद. बारीक करण्याची ही खोड विशेषणातही उतरली आहे. 'मायन्यूट ट्रेसेस ऑफ आर्सेनिक' म्हटलं की अत्यल्प अंश, पण 'मायन्यूट एक्झॅमिनेशन' म्हटलं की डोळ्यात तेल घालून केलेली तपासणी. ती तपासणी चार दिवस चाललेली असू शकते!

'मिनस्क्यूल'चं स्पेलिंग भल्याभल्यांचं चुकतं. 'मिनी'च्या नादाने दुसरा आय घातला जातो, तिथे यू हवा. 'मायनस' आठवलं की चुकणार नाही. हा मुळात लिपीच्या अभ्यासकांचा शब्द, रोमन लिपीतल्या छोट्या अक्षरांसाठीचा. आता त्याला तुच्छतेचा किंवा कुरकुरीचा वास येतो. 'मिनस्क्यूल बजेट' लिहिणारा माणूस अनुदानावर नाराज आहे, असं खुशाल समजावं. अहवालात नाराजी दाखवायची नसेल तर टाळा.

'मायक्रोस्कोपिक' जपून. रोजच्या बोलण्यात तो 'अगदी बारीक' एवढ्याच अर्थाने चालतो, पण प्रयोगशाळेतला वाचक त्याचा शब्दशः अर्थ घेणार : सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारं. साध्या, प्रकाशावर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकाला साधारण २०० नॅनोमीटरच्या आतला तपशील वेगळा करून दाखवता येत नाही. ही मर्यादा प्रकाशाच्या तरंगलांबीमुळे पडते, हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट आबे यांनी १८७३ मध्येच मांडलं होतं. एक मायक्रोमीटरचा, म्हणजे हजार नॅनोमीटरचा, जिवाणू त्यात दिसतो, म्हणून तो मायक्रोस्कोपिक. करोनाचा विषाणू सुमारे १०० नॅनोमीटरचा, त्याला 'सबमायक्रोस्कोपिक' म्हणा. परीक्षकाला बोट ठेवायला जागा राहणार नाही.

राहता राहिला 'इन्फिनिटेसिमल'. हा कलनशास्त्राचा, म्हणजे कॅल्क्युलसचा माणूस. शून्य नाही, पण तुम्ही कितीही लहान संख्या सांगा, हा तिच्याहून लहानच. आयरिश तत्त्वज्ञ बिशप बर्कली यांनी १७३४ मध्ये अशा राशींना 'दिवंगत राशींची भुतं' म्हणून चिमटा काढला होता. तुमच्या तराजूवर ज्याचं वजन झालं आहे त्याला हा शब्द लावू नका. आणि याच्यामागे 'व्हेरी' तर अजिबात नको. ज्याच्या खाली काही उरतच नाही, त्याला आणखी खाली कुठे ढकलणार?

प्रश्न : आमच्या एका ज्येष्ठ शिक्षिकेवर गौरव अंकासाठी इंग्रजीत लिहायचं आहे. बाई अंगाने लहानखुऱ्या होत्या. 'स्मॉल वुमन' बरं वाटत नाही. 'पेटीट' चालेल का?
— एक माजी विद्यार्थी

उत्तर : 'पेटीट' स्त्रियांसाठीच वापरतात. त्यात ठेंगणेपणाबरोबर नाजूक, नीटस बांध्याची सूचना येते आणि कपड्यांच्या मापाचीही आठवण होते. शिक्षिकेच्या गौरवात मला तो खटकेल. 'डिमिन्युटिव्ह' वर्तमानपत्री आहे, पण स्त्री-पुरुष दोघांना चालतो आणि आदर राखून असतो. 'स्लाइट' म्हणजे किडकिडीत, उंचीशी त्याचा संबंध नाही. 'प्युनी' चुकूनही नको, त्याचा अर्थ मरतुकडा. पण तुमच्या पत्रातच एक वाक्य आहे : बाईंच्या तासाला फळ्याचा वरचा एक तृतीयांश भाग कोराच राहायचा. तेच इंग्रजीत उतरवा, विशेषणाची भानगडच नको.

प्रश्न : मिली, मायक्रो, नॅनो... यापुढे काय, असं मुलगा रोज विचारतो. ही नावं आली कुठून?
— एक पालक

उत्तर : मिली म्हणजे लॅटिनमधलं हजार. मायक्रो हे ग्रीकमधलं 'लहान', नॅनो हा ग्रीकमधला 'बुटका'. त्यापुढे पिको, आणि मग गाडी एकदम उत्तर युरोपात शिरते : फेम्टो आणि अ‍ॅटो ही नावं डॅनिश-नॉर्वेजियन भाषांतल्या पंधरा आणि अठरा या आकड्यांवरून घेतली, कारण त्या अपूर्णांकांच्या छेदात एकावर तितकीच शून्यं असतात. अ‍ॅटोसेकंदांइतके क्षणिक प्रकाशझोत निर्माण करण्याच्या पद्धतींना २०२३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. त्याच्याही खाली झेप्टो, योक्टो, आणि २०२२ मध्ये मान्यता मिळालेले रोंटो आणि क्वेक्टो. क्वेक्टोच्या छेदात एकावर तीस शून्यं. मुलाला पाठ करायची हौस असेल तर करू द्या.

त्याला खरी गंमत दाखवायची असेल तर तीस सेंटिमीटरची पट्टी हातात द्या. एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागात, प्रकाश जवळपास तेवढंच अंतर कापतो. अमेरिकी नौदलातल्या संगणकतज्ज्ञ ग्रेस हॉपर व्याख्यानांत याच लांबीचे तारेचे तुकडे वाटायच्या. उपग्रहामार्फत संदेश जायला वेळ का लागतो, असं अधिकाऱ्यांनी विचारलं, की त्या तुकडा पुढे करायच्या : इथपासून उपग्रहापर्यंत असे किती नॅनोसेकंद बसतात ते बघा. मायक्रोसेकंद दाखवायला त्यांच्याजवळ तारेचं भलं मोठं भेंडोळं असे, सुमारे तीनशे मीटरचं.

जाता जाता एक. मायक्रोचं चिन्ह म्हणजे ग्रीक 'म्यू'. घाईत हाताने काढलं की ते रोमन 'एम'सारखं दिसतं, आणि 'एम' म्हणजे मिली, हजारपट जास्त. औषधाच्या मात्रेत हा घोटाळा जिवावर बेतू शकतो, म्हणून मायक्रोग्रॅम लिहायचं असेल तर चिन्ह न काढता 'एमसीजी' लिहावं, असं औषधसुरक्षेचं काम करणारे सांगतात. तुमच्या घरात कुणी हाताने औषधांची यादी करत असेल, तर त्यांनाही हे सांगा.