24 फुटांचा गोलपोस्ट आणि तीन एकर सोयाबीन

तुम्ही विचारलंय की तालुक्याच्या गावच्या कॉलेजचा फुटबॉल संघ दरवर्षी पहिल्याच सामन्यात हरून घरी येतो, त्याचा एखादा मोसम गाजवायचा तर काय करावं?

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या अशाच एका कॉलेजचा गोलकीपर. तीन वर्षं खेळलो. पहिली दोन वर्षं सकाळच्या एसटीनं जायचो आणि संध्याकाळच्या एसटीनं परत यायचो. तिसऱ्या वर्षी फायनल खेळलो. 2-1 नं हरलो, तरी गावात अजून तोच मोसम निघतो बोलण्यात.

टीव्हीवर दिसतो तसा आठ-नऊ महिन्यांचा मोसम आपल्या नशिबी नसतो. विद्यापीठाची आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा आमच्याकडे बाद पद्धतीची. हरलात की बॅग भरा. सगळं जमून आलं तरी चार सामने, आणि तेही ऐन सोयाबीनच्या सोंगणीत, म्हणजे कापणीत. त्यामुळे तुमचा खरा प्रतिस्पर्धी अमरावतीचं कॉलेज नाही, तुमच्या स्ट्रायकरचा बाप आहे.

पण आधी गोलपोस्टचं सांगतो, कारण माझा जीव त्यातच अडकलाय.

आमच्या मैदानावर दोन तुराट्या रोवल्या की झाला गोल. दोन वर्षं मी त्या तुराट्यांच्या मधे उभा राहून स्वतःला फार भारी गोलकीपर समजत होतो. सामन्याला गेलो की मात्र दोन्ही बाजूंनी बॉल आत. तिसऱ्या वर्षी नवे सर आले. पहिल्याच दिवशी त्यांनी खिशातून टेप काढला आणि मोजलं. साडेसोळा फूट! खरा गोल 7.32 मीटर रुंद आणि 2.44 मीटर उंच असतो, म्हणजे आपल्या मापात 24 फूट बाय 8 फूट. माझ्या दोन्ही हातांना पावणेचार-पावणेचार फूट जागा उघडी होती आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. आमच्या फॉरवर्डांचं उलटं झालं होतं. अरुंद गोलात मारायची सवय, म्हणून सगळे शॉट सरळ कीपरच्या छातीवर.

सरांनी वर्गणी केली आणि बसस्टँडजवळच्या वेल्डिंगवाल्याकडून पाइपचे पोस्ट बनवून घेतले. पाइप 20 फुटाचा येतो, त्यामुळे आडव्या दांड्याला मधे जोड द्यावाच लागला. जाळीला पैसे उरले नाहीत. गोल झाला की बॉल थेट सराट्यांत, आणि सराटा घुसला की ब्लॅडर गेलंच. सायकलवाला काका पंक्चर काढून द्यायचा आणि दर वेळी विचारायचा, "कितीनं जिंकले बे पोट्टेहो?" तेव्हा नुसता सरावच चालू होता!

आता सोयाबीन. पानं गळाली की थांबता येत नाही. उशीर झाला तर शेंगा उभ्या झाडावरच तडकतात आणि दाणे मातीत जातात. सामना पाच दिवसांवर आला आणि आमचा स्ट्रायकर सरावाला यायचा बंद झाला. सर त्याच्या घरी गेले, मीही सोबत होतो. त्याचे वडील ओसरीवर विळ्याला धार लावत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "सर, तुमचं बराबर हाय. पण मजूर भेटून नाई राह्यले, अन् शेंगा तडकून राह्यल्या. याले नेलं तं सोंगन कोन?"

सर दोन मिनिटं गप्प बसले. मग म्हणाले, "किती एकर आहे?"

"तीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला सगळा संघ, राखीव धरून सोळा पोरं, विळे घेऊन त्या वावरात. इर्जिक म्हणतात ती हीच. निम्म्यांना विळा कसा धरायचा तेही माहीत नव्हतं. एकाच्या कॅनव्हास बुटात धसकट घुसलं, माझ्या तळहातावर फोड आले. गोलकीपरच्या हातावर सामन्याआधी फोड! स्ट्रायकरच्या आईनं दुपारी भाकर, झुणका आणि हिरव्या मिरचीचा ठेचा आणला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गंजी लागली. मग आमचा लेफ्ट बॅक हळूच म्हणाला, "सर, आमचं बी दोन एकर हाय." तेही झालं.

त्या चार दिवसांत बॉलला फारसा पाय लागला नाही. पण एका ओळीत, एका वेगानं पुढे सरकायची सवय लागली. आमची बचावफळी आधी कधीच सरळ रेषेत राहायची नाही. एक जण मागे रेंगाळायचा आणि समोरचा फॉरवर्ड ऑफसाइडमधून, म्हणजे पास सुटताना बचावफळीच्या मागे असण्याच्या गुन्ह्यातून, सुटायचा. त्यावर सर मैदानात ओरडायचे, "पातीत राहा रे!" सोंगताना धरलेली पात, म्हणजे कापणाऱ्यांची ओळ, सगळ्यांना कळत होती. ऑफसाइड ट्रॅप समजावून सांगताना त्यांचा महिना गेला होता.

पहिला सामना 2-0, दुसरा 1-0. सेमीफायनल बरोबरीत सुटली आणि पेनल्टीवर गेली. अकरा मीटरवर बॉल आणि पाठीमागे ते 24 फूट. 2019 पासून किक होईपर्यंत कीपरचा एक पाय तरी रेषेवर लागतो, नाहीतर अडवलेली किक पुन्हा. मी दोन अडवल्या. फुटलेल्या फोडांवर हातमोज्याच्या आत हळद लावली होती, ती सगळी हातमोज्याला चिकटली. फायनलबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही, समोरचे आमच्यापेक्षा चांगलेच खेळले.

लेफ्ट बॅक आणि स्ट्रायकर दोघं विद्यापीठाच्या संघात निवडले गेले, पश्चिम विभागाच्या स्पर्धेला गेले. माझं नाव नव्हतं. थोडं लागलं, खोटं कशाला बोलू.

एक व्यवहाराची गोष्ट राहिली. प्रवेश झाले की लगेच सगळ्यांचे पात्रता फॉर्म भरून घ्या आणि जन्मतारीख दहावीच्या कागदाशी ताडून पाहा. आमचे दोन जण दुसऱ्या वर्षी याच कारणानं कपडे घालून बाहेर बसले होते.

स्ट्रायकरच्या वडिलांचा पुढच्या वर्षी सरांना फोन आला होता. टीम कधी येते, म्हणाले, यंदा चार एकर पेरलंय.

पोस्ट अजून उभे आहेत. आडवा दांडा जोडापाशी थोडा लोंबलाय, मधोमध आता आठ फूट भरणार नाही. कुणी टेप लावत नाही.