आधी परवाना, मग धडा

प्रश्न : मी माध्यमिक वर्गांना विज्ञान शिकवते. ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ या नावाखाली इंटरनेटवर विपुल साहित्य मिळते. त्यातले वर्गात वापरण्याजोगे कोणते, हे कसे पारखावे?
– एक शिक्षिका

उत्तर : मजकूर वाचण्याआधी परवाना, म्हणजे साहित्य कसे वापरता येईल हे सांगणारी कर्त्याची परवानगी, पाहावा, कारण धडा एकदा आवडला की परवान्याच्या अटींकडे काणाडोळा करण्याचा मोह होतो. २००२ साली युनेस्कोने भरवलेल्या बैठकीत ‘मुक्त शैक्षणिक संसाधने’ ही संज्ञा पुढे आली. तिच्यातील ‘मुक्त’ या शब्दात साहित्य विनामूल्य मिळण्याबरोबरच ते जवळ ठेवण्याची, बदलण्याची, इतर साहित्याशी जोडण्याची आणि पुन्हा वाटण्याची मुभा अभिप्रेत असते. क्रिएटिव्ह कॉमन्स या, मुक्त साहित्यासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या तयार परवान्यात ‘एनडी’ (नो डेरिव्हेटिव्ह्ज, म्हणजे बदललेली प्रत नको) ही अक्षरे असतील, तर धडा जसाच्या तसा वाटता येतो. त्याचे भाषांतर किंवा काटछाट केलेली प्रत मात्र वाटता येत नाही. धड्यातील छायाचित्रांचा परवाना कधी कधी वेगळा असतो, तोही तपासावा.

त्यानंतर आशयाकडे वळावे. संपूर्ण पुस्तक चाळण्यापेक्षा, जिथे ज्ञान अलीकडे बदलले आहे अशी एखादी जागा उघडावी. उदाहरणार्थ, किलोग्रॅमची व्याख्या पाहा. पॅरिसजवळ जपून ठेवलेल्या प्लॅटिनम-इरिडियमच्या दंडगोलाचे वस्तुमान म्हणजे एक किलोग्रॅम, ही व्याख्या २० मे २०१९ रोजी मागे पडली आणि तिची जागा प्लांकच्या स्थिरांकावर, म्हणजे निसर्गातील एका न बदलणाऱ्या राशीवर, आधारलेल्या व्याख्येने घेतली. धड्यात अजून दंडगोलच असेल, तर तो बराच काळ कोणी तपासलेला नाही असे समजावे आणि बाकीची पाने अधिक बारकाईने वाचावीत. मात्र तेवढ्यावरून तो टाकून देण्याचे कारण नाही. परवान्यात बदलांना मुभा असेल, तर ती ओळ तुम्हीच दुरुस्त करू शकता.

माझ्या मते खरी परीक्षा स्वाध्यायांत होते. कागद-पेन्सिल घेऊन चार-पाच उदाहरणे विद्यार्थ्याप्रमाणे स्वतः सोडवावीत. उत्तरसूचीतील चुका, एककांचा घोळ आणि धड्यात न शिकवलेल्या सूत्राची अपेक्षा, या गोष्टी नुसत्या वाचनात निसटतात. किती जणांनी साहित्य उतरवून घेतले, या आकड्यावर फारसे विसंबू नये. तो लोकप्रियता सांगतो, अचूकता नव्हे.

शेवटी, सुधारलेली प्रत विद्यार्थ्यांना देताना मूळ कर्त्याचे नाव, स्रोताचा दुवा व परवाना नमूद करावा, आणि आपण कोणता बदल केला तेही लिहावे.