१७ महिन्यांचं मूल नेमकं काय काय करायला हवं?

प्रश्न असा आहे की मुलगा १७ महिन्यांचा आहे, चालतो पण सारखा पडतो, शब्द मोजून पाच-सहा, जेवण एकदम कमी झालंय, हातात येईल ते फेकतो, आणि नात्यातलं त्याच्याच वयाचं दुसरं मूल म्हणे घडाघडा बोलतं. हे नॉर्मल आहे का, आणि तुमचं मूल या वयात काय करत होतं.

मी डॉक्टर नाही, एका ३१ महिन्यांच्या मुलीचा बाप आहे, त्यामुळे उत्तर बापाचं आहे असं समजूनच वाचा.

आमची १७ महिन्यांची असताना काय करत होती ते माझ्याकडे लिहिलेलं आहे, कारण तेव्हा मी मोबाईलमध्ये एक ॲप टाकलं होतं आणि ते दर आठवड्याला विचारायचं, हे येतं का ते येतं का, आणि मी परीक्षा असल्यासारखा टिकमार्क करत बसायचो. बायको म्हणायची पोरीकडे बघ, मोबाईलमध्ये काय बघतोस. तिचं बरोबर होतं पण तेव्हा पटलं नाही.

मुलगी रांगलीच नाही. बसल्या बसल्या ढुंगणावर सरकत घरभर फिरायची आणि फरशी पुसून काढायची. मी दोन महिने टेन्शनमध्ये. नंतर कळलं की काही मुलं रांगणं सरळ गाळतात, आणि अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली सरकारी आरोग्य संस्था) २०२२ मध्ये कुठल्या वयात मुलाला काय यायला हवं याची त्यांची यादी बदलली तेव्हा रांगणं त्यातून काढूनच टाकलं. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासकट पाच देशांतल्या मुलांचा अभ्यास केला होता, त्यात आधाराशिवाय चालायचं वय निघालं साधारण ८ महिन्यांपासून ते साडेसतरा महिन्यांपर्यंत. म्हणजे निरोगी मुलांमध्येच नऊ महिन्यांचा फरक! आमची साडेपंधराव्या महिन्यात चालली.

आता पडण्याबद्दल. न्यूयॉर्कमध्ये कॅरन ॲडॉल्फ नावाच्या संशोधक आहेत, त्यांच्या टीमने १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळी खेळताना मोजली, तर एका तासात सरासरी २३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. तासाला १७! मी हे वाचलं आणि एका रविवारी हौसेने मोजायला बसलो, बाराव्याला मोजणं सोडलं कारण ती माझ्याच पायात अडकून पडली. तुमचा मुलगा सारखा पडतो म्हणजे तो सारखा चालतोय एवढाच त्याचा अर्थ. (आम्ही टेबलाचे कोपरे झाकले आणि पडली की "अगं बाई गं" म्हणून धावत जाणं बंद केलं. निम्मं रडणं आमच्या चेहऱ्याकडे बघून यायचं.)

जेवणाचं थोडक्यात सांगतो. पहिल्या वर्षात वजन जन्माच्या तिप्पट होतं आणि दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं, मग भूक कमी होणारच ना. आजी म्हणणार पोर वाळलं, म्हणू दे. वजन वाढीच्या तक्त्यावर आपल्या रेषेने चाललंय ना तेवढं बघा. आणि फेकाफेकी म्हणजे चमचा खाली गेला की आवाज येतो, बाबा वाकतो, चमचा परत वर येतो, हा प्रयोग आहे त्यांचा, आणि दर वेळी यशस्वी होतो म्हटल्यावर कोण थांबेल. आम्ही तिसऱ्यांदा उचलायचं बंद केलं, मग ती स्वतःच खाली उतरायला लागली.

बोलण्याबद्दल मात्र जरा सविस्तर लिहितो कारण माझा सगळ्यात जास्त जीव तिथेच अडकला होता. १७ महिन्यांची असताना हिचे शब्द सात होते आणि त्यातला एक भूभू. भूभू म्हणजे कुत्रा, मांजर, गाय, पुस्तकातला हत्ती, आणि एकदा शेजारचे काका चार पायांवर वाकून काहीतरी शोधत होते तर तेही. मला वाटायचं हिला फरक कळत नाही. एक दिवस सहज विचारलं, माऊ कुठाय? तिने पुस्तकात बरोबर मांजरावर बोट ठेवलं आणि म्हणाली, भूभू! म्हणजे डोक्यात माऊ होती, फक्त तोंडात नव्हती. या वयात समजणं बोलण्याच्या बरंच पुढे असतं. तेव्हा तुमचे पाच-सहा शब्द मोजू नका, त्याला किती समजतं ते बघा. "चप्पल आण" म्हटलं, हातवारे न करता, आणि आणली, तर आत बरंच काही चाललंय.

अजून एक, चालायला लागली त्या महिनाभरात एकही नवा शब्द आला नाही, उलट एक होता तोही गेला. आमच्याकडे तरी असंच झालं की एक गोष्ट जोरात चालू झाली की दुसरी दुकान बंद करून बसते. तो शब्द दोन आठवड्यांनी परत आला.

मग पुढची गंमत. वीस-एकवीस महिन्यांची असताना ती एकदम शुद्ध बोलायची, "बाबा आला", "काऊ गेला". मी खूश. आणि सव्वादोन वर्षांची झाल्यावर एक दिवस दारात उभी राहून ओरडली, "बाबा येला!" मग मागोमाग "मी करलं", "काऊ जाला". मला वाटलं मागे चालली की काय पोरगी. नंतर डोक्यात प्रकाश पडला की आधीचं "आला" हे नुसतं ऐकून पाठ होतं, पोपटासारखं, आणि आता तिने नियम शोधलाय, बसतो-बसला, पडतो-पडला, तर मग येतो-येला. तिला कोणीच शिकवला नव्हता हो हा नियम! घरात "येला" कोणी म्हणत नाही, म्हणजे हे नक्कल करून आलेलं नाही, तिने स्वतः बनवलंय. त्या दिवसापासून मी बरोबर किती येतं हे मोजणं सोडून दिलं आणि चुका कुठल्या होतायत ते लिहायला लागलो, कारण माझ्या मते मूल काय शिकतंय ते चुकांमध्ये जास्त दिसतं. हल्ली "मी आलो" म्हणते, माझं ऐकून. आईबरोबर दिवसभर असली की "मी आले". आम्ही सुधारत नाही, फक्त उत्तर देताना बरोबर रूप वापरतो, "हो, आलीस का तू".

पण म्हणून सगळंच "होईल आपोआप" म्हणून सोडून देऊ नका, या वाक्याचा मला राग आहे. १८ महिने होऊनही आधाराशिवाय चालत नाही, नावाने हाक मारली तरी वळत नाही, काही दाखवायला बोट करत नाही, एकही अर्थाचा शब्द नाही, किंवा येत असलेलं बोलणं, हसणं, नजर देणं असं काही हरवलंय आणि परत येत नाही, तर वाट न बघता बालरोगतज्ज्ञांना दाखवा. बोलणं उशिरा असेल तर कान तपासून घ्या आधी. दोन वर्षं झाली तरी दोन शब्द जोडत नसेल तेव्हाही जा. मूल लवकर जन्मलेलं असेल तर दोन वर्षांपर्यंत वय जन्मतारखेपासून नाही तर डॉक्टरांनी दिलेल्या बाळंतपणाच्या मूळ तारखेपासून धरतात हे लक्षात असू द्या, दोन महिने आधी जन्मलं असेल तर १७ चे १५ धरायचे. आणि जाताना मोबाईलवर घरातले दोन-तीन व्हिडिओ काढून न्या, आमची तर डॉक्टरांसमोर पुतळा व्हायची, तोंडातून एक अक्षर नाही.

तुम्ही लिहिलंय त्यात मला तरी घाबरण्यासारखं काही दिसत नाही. फक्त तो बोट करून दाखवतो का आणि हाकेला वळतो का हे तुम्ही लिहिलं नाहीये, ते दोन आज बघा.

ॲप मी कधीच काढून टाकलं, आता साधी वही आहे. गेल्या मंगळवारी त्यात लिहिलंय, "आज 'केलं' म्हणाली." बायको आणि मी एकमेकांकडे बघितलं, आणि खरं सांगू, दोघांनाही जरा वाईटच वाटलं. बुधवारी सकाळी दूध सांडून आली आणि म्हणाली, "मी नाही करलं."