लिनक्स मिंट टाकलं, आता सॉफ्टवेअर कुठून आणि कोणती घ्यायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला, लॅपटॉप विंडोज 11 घेत नाही, म्हणून वडिलांच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट 22 ही ऑपरेटिंग सिस्टिम टाकलीत. वडील सोसायटीचे हिशेब एक्सेलमध्ये ठेवतात आणि पत्रं, नोटिसा श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइप करतात. आता सेटअपच्या फाइल्स कुठून उतरवायच्या, अँटिव्हायरस कोणता घ्यायचा, आणि एकच सॉफ्टवेअर दोन प्रकारांत दिसतं त्यातलं कुठलं निवडायचं.

माझं अप्पा बळवंत चौकाजवळ डीटीपीचं काम आहे आणि रोजची मशीन मिंटवरच चालतात. त्यामुळे उत्तर थोडं त्या अंगाने येईल.

सेटअप फाइल शोधायची नाही. विंडोजवर आपण गूगल करतो, वर दिसेल त्या साइटवरून काहीतरी उतरवतो आणि नेक्स्ट नेक्स्ट करत सुटतो. ती सवय इथे पहिल्या दिवशीच मोडा. मिंटमध्ये सॉफ्टवेअर मॅनेजर आहे. त्यात नाव शोधा, इन्स्टॉल दाबा, संपलं. पॅकेज अधिकृत ठिकाणाहूनच आलंय का, हे सही तपासून ठरतं आणि पुढची सगळी अपडेट्स अपडेट मॅनेजरमधून एकदम येतात. टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) आवडत असेल तर 'सुडो ॲप्ट इन्स्टॉल' आणि पुढे पॅकेजचं नाव (टाइप अर्थातच रोमनमध्ये करायचं). काम तेच होतं. अँटिव्हायरस या लॅपटॉपला लागणार नाही. बाहेरून आणलेलं काहीही डबल-क्लिक करायचं नाही, एवढं वडिलांना सांगा.

आता दोन प्रकारांचं. सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये एकाच नावाला 'सिस्टिम पॅकेज' आणि 'फ्लॅटपॅक' असे पर्याय येतात. माझं मत सरळ आहे: सिस्टिम पॅकेज घ्या. ते आकाराने लहान असतं आणि बाकी सिस्टिमशी जुळवून बांधलेलं असतं. फ्लॅटपॅक स्वतःला लागणारा अर्धा संसार बरोबर घेऊन येतं. पहिलंच टाकताना खालचा रनटाइमही (ते चालायला लागणारा पाया) उतरतो आणि छोटी डिस्क बघता बघता भरते. पण नवी आवृत्तीच हवी असेल तेव्हा त्याला इलाज नाही. उदाहरणार्थ गिंप, फोटो-चित्रांवर काम करायचं सॉफ्टवेअर. मिंट 22 ज्या उबुंटू 24.04 वर उभं आहे, त्याच्या भांडारात (पॅकेजेसच्या अधिकृत साठ्यात) गिंप 2.10 आहे. मार्च 2025 मध्ये आलेलं 3.0 आणि त्यापुढचं हवं असेल तर ते फ्लॅटहबवरून, म्हणजे फ्लॅटपॅकच्या ऑनलाइन भांडारातून, घ्यायचं. सोसायटीच्या सेक्रेटरीला गिंप 3 कशाला लागेल, हा वेगळा प्रश्न.

फ्लॅटहबवरची सगळीच पॅकेजेस मूळ कंपनीने बांधलेली नसतात. मिंट 22 तशी 'अनव्हेरिफाइड' पॅकेजेस मुळात दाखवतच नाही. ती दाखवायचं बटण चालू करू नका. क्रोम हवंच असेल तर सेटअप फाइल न शोधण्याच्या नियमाला हा एक अपवाद: गूगलच्याच साइटवरून डेब फाइल (मिंटची सेटअप फाइल) घ्या. ती आपलं भांडार सिस्टिममध्ये जोडते, म्हणून क्रोमची पुढची अपडेट्सही अपडेट मॅनेजरमधूनच येतात. पण फायरफॉक्स आधीपासून आहे, तेवढं पुरतं.

लिबरऑफिसही (एमएस ऑफिससारखा संच) आलेलंच असतं. एक्सेलच्या साध्या शीट्स त्यातल्या कॅल्कमध्ये नीट उघडतात. मॅक्रो असतील तर मात्र एकेक तपासून घ्या. कॅलिब्रीमध्ये केलेल्या शीटची मांडणी हलली, तर कार्लिटो फॉन्ट आहे का बघा, नसेल तर टाका. त्याची अक्षरं कॅलिब्रीच्याच रुंदीची असतात. बाकी व्हिडिओ चालायला लागणारे कोडेक वेलकम स्क्रीनवरून घ्या, आणि हे सगळं करायच्या आधी टाइमशिफ्टने सिस्टिमचा एक स्नॅपशॉट काढा, म्हणजे काही बिघडलं तर मागे जाता येतं. आणि हो, लॅपटॉपमध्ये जुनी फिरती हार्डडिस्क असेल, तर आधी तपकीर गल्लीत जाऊन एसएसडी बसवून घ्या. मशीन हळू चालतं ही तक्रार बहुतेक तिथेच मिटते.

खरं काम मराठीचं आहे, आणि ते दोन भागांत आहे.

नवं टायपिंग सोपं. 'आयबस' आणि 'आयबस-एम17एन' ही मराठी टायपिंगसाठीची दोन पॅकेजेस टाका, लॉग आउट करून परत या, आणि आयबसच्या सेटिंगमध्ये मराठी निवडा. कीबोर्डच्या मांडण्यांत इनस्क्रिप्ट आहे, टंकलेखनवाल्यांसाठी रेमिंग्टन आहे आणि चक्क गमभनही (रोमन अक्षरांत उच्चाराप्रमाणे टाइप करायची) आहे. वडिलांचा हात ज्याला सरावलाय तेच द्या, या वयात नवा कीबोर्ड शिकवू नका. मग लिबरऑफिसच्या ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'ची भाषा मराठी करा. ती हिंदी राहिली, तर ज्या फॉन्टमध्ये दोन्ही वळणं आहेत त्यात ल आणि श हिंदी वळणाचे उमटतात. नोटीस बोर्डावर लागली की कुणीतरी ते दाखवणारच.

जुन्या फाइल्स हा दुसरा भाग. श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमधल्या पत्रात मराठी अक्षरं साठवलेलीच नसतात. असतात ते रोमन कीबोर्डचे कोड, आणि त्यांना मराठी रूप देतो फॉन्ट. म्हणून मिंटवर ते पत्र उघडलं की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला दिसतो. फाइल बिघडलेली नसते. विंडोजच्या बॅकअपमधून, वडिलांनी विकत घेतलेल्या श्रीलिपीबरोबर आलेल्या टीटीएफ फाइल्स काढा, डबल-क्लिक करून इन्स्टॉल करा, लिबरऑफिस बंद करून पुन्हा उघडा. जुनी पत्रं वाचता येतील, छापताही येतील. वाइनमधून (लिनक्सवर विंडोजची सॉफ्टवेअर चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून) श्रीलिपीच चालवायच्या खटाटोपात मी पडणार नाही.

पण पुढचं टायपिंग त्या फॉन्टमध्ये नको. तो मजकूर व्हॉट्सॲपवर चिकटवता येत नाही, की मराठीत शोधता येत नाही. दरवर्षी लागणारी पत्रं तेवढी कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये (जिथे खरी मराठी अक्षरंच साठवली जातात) करून घ्या आणि मग डोळ्याखालून घाला. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये नंतर. म्हणून कन्व्हर्टर हमखास अडखळतो ते जोडाक्षरावरच्या वेलांटीपाशी आणि रफारापाशी. 'उपस्थिती', 'वार्षिक', 'कार्यकारिणी' असे शब्द आधी तपासा, सभेच्या नोटिशीत हेच सगळीकडे असतात.

पत्रिका, स्मरणिका असं काही करत असतील तर स्क्रायबस हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर घ्या, पण 1.6 किंवा पुढचं. 1.4 मध्ये देवनागरीची जोडाक्षरं जुळत नसत.

प्रिंटरचं मॉडेल तुम्ही लिहिलेलं नाही. एचपीचा असेल तर बहुधा जोडला की चालेल. दुसरा असेल तर ओपनप्रिंटिंग या साइटवरच्या, लिनक्सवर चालणाऱ्या प्रिंटरांच्या यादीत आधी मॉडेल शोधा, आणि तिथे नसेल तर इथे कळवा, म्हणजे त्याचा ड्रायव्हर वेगळा बघता येईल.