सुलभ, सुगम की सुगम्य?

गुहागर तालुक्यात समुद्रकाठी घरगुती निवासव्यवस्था चालवणाऱ्या एका वाचकांचा प्रश्न आला आहे. त्यांचा भाचा त्यांच्यासाठी संकेतस्थळ तयार करत असून ते अंध, कर्णबधिर किंवा हातांच्या हालचालीवर मर्यादा असलेल्या पाहुण्यांनाही वापरता यावे, अशी दोघांची इच्छा आहे. इंग्रजीतल्या 'ॲक्सेसिबल' या शब्दासाठी भाच्याला कोशात 'प्रवेशयोग्य' सापडला, शेजारच्या गुरुजींनी 'सुलभ' सुचवला, सरकारी फलकावर त्यांनी स्वतः 'सुगम्य' वाचला, आणि एका परिचितांनी 'दिव्यांगस्नेही'च लिहा असा आग्रह धरला. यांतला कोणता घ्यावा, आणि चित्रांबरोबर जो मजकूर भरावा लागतो त्याला मराठीत काय म्हणावे, असे त्यांनी विचारले आहे.

'प्रवेशयोग्य' बाजूला ठेवावा, असे माझे मत आहे. 'पिण्यायोग्य पाणी' म्हटले की घोटाळा होत नाही, कारण पाणी पिणारा पाण्याहून वेगळा असतो हे उघड आहे. 'प्रवेशयोग्य' म्हटल्यावर मात्र आपल्याला आधी आठवतो तो महाविद्यालयाच्या यादीत प्रवेशास पात्र ठरलेला विद्यार्थी. प्रवेश कोण करणार आणि कशात करणार, हे त्या शब्दातून कळत नाही.

खरी निवड उरते ती 'सुलभ', 'सुगम' आणि 'सुगम्य' यांत. यांपैकी पहिले दोन एकाच साच्यातून आलेले आहेत. 'सु' किंवा 'दुस्' यांच्या पुढे धातू येऊन 'सहज होणारे' किंवा 'कष्टाने होणारे' असा अर्थ सांगायचा असेल, तर पाणिनीने 'खल्' नावाचा प्रत्यय सांगितला आहे. त्यातून लभ् धातूपासून सुलभ-दुर्लभ, कृ धातूपासून सुकर-दुष्कर आणि गम् धातूपासून सुगम-दुर्गम अशा जोड्या तयार होतात. म्हणजे 'सुलभ' हा मिळण्याविषयीचा शब्द आहे आणि 'सुगम' हा पोहोचण्याविषयीचा. 'सुगम्य'त तोच गम् धातू आहे, पण तिथे आधी 'गम्य', म्हणजे जाता येण्याजोगे, असा शब्द तयार होतो आणि मग त्याला 'सु' लागतो.

कोकणातल्या माणसाला गम् धातूची ओळख करून देण्याची गरज नसावी. जिथे जाणे अवघड, तो 'दुर्ग'. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग या नावांतून आपण तो धातू रोज उच्चारतो. १६६४ साली मालवणजवळच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचे बांधकाम सुरू झाले, आणि त्याचा मुख्य दरवाजा बुरुजांच्या वळणात असा दडवला आहे की होडीतून येणाऱ्या नवख्याला अगदी जवळ येईपर्यंत तो कुठे आहे हे उमगत नाही. शत्रूसाठी तो तसाच हवा होता. मात्र संकेतस्थळ तयार करणाऱ्याला कोणाचीही वाट अडवायची नसते, आणि तरीही पुष्कळ वेळा त्याच्या हातून दुर्गच उभा राहतो.

तीन शब्दांतला फरक ओळखण्यासाठी मी त्यांचे विरुद्धार्थी शब्द समोर ठेवतो. सुलभच्या उलट दुर्लभ, म्हणजे क्वचित मिळणारे. सुगमच्या उलट दुर्गम, म्हणजे जिथे कष्टाने का होईना पण पोहोचता येते. गम्यच्या उलट मात्र अगम्य, जिथे वाटच नाही.

हे मला कोशापेक्षा मामांमुळे अधिक नीट कळले. ते मालवणला असतात, काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली आहे, आणि गेली काही वर्षे ते टॉकबॅक लावून मोबाईल वापरतात. बोट फिरेल तिथला मजकूर फोन वाचून दाखवतो, आणि तो ते इतक्या वेगाने ऐकतात की मला त्यातले निम्मेही कळत नाही. एका लग्नासाठी उत्तरेकडे जायचे होते म्हणून ते पडवीतल्या बाकावर बसून मुक्कामाची सोय शोधत होते. एका ठिकाणाच्या संकेतस्थळावर त्यांचे बोट थांबले, आणि फोन फाइलचे नाव व मागून लांबलचक क्रमांक वाचत राहिला. त्यांनी दोनदा मागे-पुढे जाऊन पाहिले आणि मला हाक मारली, "अरे, ह्येच्यात जेवणाचो दर खंय आसा?" मी पाहिले तर दर अगदी ठळक होते: शाकाहारी ताट, सुरमईचे ताट, सोलकढी, सगळे एका रंगीत पत्रकाच्या छायाचित्रात. मला ते वाचायला अर्धा मिनिटही लागला नाही.

तो दर दुर्लभ नव्हता, कारण तो साऱ्या जगासाठी प्रसिद्ध केलेला होता. दुर्गमही नव्हता, कारण मामांनी कितीही कष्ट घेतले असते तरी त्यांच्या बोटाला तो सापडला नसता. तो अगम्य होता. म्हणून त्याच्या उलट जे हवे ते 'सुगम्य', असा माझा स्पष्ट कौल आहे. 'सुलभ'ने हे काम होत नाही. ते संकेतस्थळ डोळस माणसाला अतिशय सुलभ होते आणि मामांना अगम्य, आणि या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

'सुगम' व्याकरणाने निर्दोष असला तरी सुगम संगीतामुळे मराठी कानाला त्यात 'हलकेफुलके, समजायला सोपे' अशी छटा लागते. ती इथे नको. 'सुगम्य'ला अशी कोणतीही जुनी सवय चिकटलेली नाही. केंद्र सरकारचे सुगम्य भारत अभियान ३ डिसेंबर २०१५ रोजी सुरू झाल्यापासून तो कचेऱ्यांतून रुळला आहे, आणि 'सुगम्यता' असे नामही त्यातून सहज बनते. काहींना तो हिंदीतून आलेला वाटतो. शब्द संस्कृत आहे आणि 'बुद्धिगम्य', 'इंद्रियगम्य', 'अगम्य' ही त्याची भावंडे मराठीत पूर्वीपासून नांदत आहेत, तेव्हा त्याला परका मानण्याचे कारण मला दिसत नाही.

ही भावंडे इथे थेट उपयोगी पडतात. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या संस्थेने सुगम्यतेची मार्गदर्शक तत्त्वे प्रथम १९९९ मध्ये प्रसिद्ध केली. २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीपासून ती चार कसोट्यांभोवती मांडलेली आहेत आणि २०२३ मध्ये आलेल्या सुधारित आवृत्तीतही त्याच आहेत. मजकूर कोणत्या ना कोणत्या इंद्रियाला जाणवला पाहिजे, म्हणजेच तो इंद्रियगम्य हवा. माऊस न वापरता, फक्त कळफलकानेही, तो हाताळता आला पाहिजे. तो समजला पाहिजे, म्हणजे बुद्धिगम्य हवा. आणि वेगवेगळ्या उपकरणांवर तो टिकला पाहिजे. चारांपैकी दोन कसोट्यांना आपल्याकडे 'गम्य'चेच शब्द तयार आहेत, हे 'सुगम्य'च्या बाजूने मला मोठे बळ वाटते.

'दिव्यांगस्नेही'बद्दल थोडे सावधपणे लिहितो, कारण सुचवणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. 'दिव्यांग' हा शब्द आता शासकीय मराठीत रूढ आहे. पण २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाच्या नावातच 'हक्क' आहे, आणि 'स्नेही' म्हटल्याने तो हक्क यजमानाच्या प्रेमळपणावर सोपवल्यासारखा होतो. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे म्हटले, त्यानंतर तर स्नेहाची भाषा अधिकच अपुरी वाटते. शिवाय हात प्लॅस्टरमध्ये असलेला तरुण, किंवा भर दुपारी जेट्टीवर उन्हात उभे राहून फिकट करडी अक्षरे वाचू पाहणारी बाई, यांनाही सुगम्य रचना लागतेच. साध्या आकाराच्या अक्षरांसाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ : १ असावे, असे ती तत्त्वे सांगतात. हा आकडा भाच्याला जरूर कळवावा.

आता चित्रांबरोबरचा मजकूर. 'चित्रवर्णन' हा शब्द गोड आहे, पण तो लिहिणाऱ्याला वर्णनाच्या मोहात पाडतो. मग 'निळाशार समुद्र आणि डुलणाऱ्या माडांच्या कुशीत वसलेले आमचे घर' असे काहीतरी लिहिले जाते आणि ऐकणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. 'पर्यायी मजकूर' हा बऱ्यापैकी रुळलेला शब्दच मी सुचवेन. पर्याय म्हणजे एकाच्या जागी उभे राहू शकणारे दुसरे, आणि चित्र काढून घेतले तर त्याच्या जागी कोणते वाक्य ठेवावे, हाच इथला प्रश्न आहे. घराच्या दर्शनी छायाचित्राला 'अंगणातून पडवीत चढायला जांभ्याच्या तीन पायऱ्या, उजव्या हाताला लोखंडी कठडा' असे लिहिले, तर गुडघे दुखणाऱ्या आजींनाही ते कामाचे आहे. शोभेपुरत्या वेलबुट्टीला पर्यायी मजकूर रिकामा ठेवावा, म्हणजे स्क्रीन रीडर, टॉकबॅकसारखी पडद्यावरचे वाचून दाखवणारी सोय, ती वगळून पुढे जातो. (स्क्रीन रीडरला 'पडदावाचक' म्हणावे असे कोणी सुचवते, पण तो वापरणारे स्वतः 'स्क्रीन रीडर' म्हणतात आणि शब्दावर पहिला अधिकार त्यांचा.) दरपत्रक मात्र चित्रात ठेवून त्याला लांबलचक पर्यायी मजकूर जोडण्यापेक्षा सरळ मजकूर म्हणूनच टंकित करावे.

टंकित करताना एक खास मराठी अडचण येते. छापखान्यातून आलेले जुने पत्रक बहुधा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असते (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला संगणकात स्वतंत्र ओळख देणारी पद्धत). पडद्यावर ते देवनागरी दिसते, पण आत रोमन अक्षरे आणि चिन्हे असतात, आणि स्क्रीन रीडर तीच वाचतो. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून किंवा नव्याने टंकूनच घ्यावा लागतो. तसेच संकेतस्थळाच्या तयार साच्यात पानाची भाषा इंग्रजी नोंदलेली असेल तर ती बदलून मराठी करावी, नाहीतर इंग्रजी आवाज आपली अक्षरे अडखळत वाचतो किंवा गाळूनच टाकतो.

दुव्यांचे शब्दही तपासावेत. स्क्रीन रीडर वापरणारे अनेकदा पानावरचे फक्त दुवे एकामागून एक ऐकतात, आणि तेव्हा 'येथे क्लिक करा, येथे क्लिक करा' असे पाच वेळा ऐकू आले तर कोणता कुठे नेतो हे समजायला मार्ग नसतो. 'खोल्यांचे दर पाहा', 'फेरीबोटीच्या वेळा पाहा' असे लिहावे. अंध वाचकासाठी 'पाहा' चालेल का, अशी शंका येऊ शकते. निःशंकपणे चालेल. मराठीत आपण चाखून पाहतो, ऐकून पाहतो, विचारून पाहतो, आणि मामाही रोज सकाळी "बातम्यो बघितलंय" असेच म्हणतात.

राहिला संकेतस्थळावर प्रत्यक्ष काय छापावे हा भाग. 'सुगम्य' हा शब्द आपल्या आणि भाच्याच्या कामासाठी, तसेच संकेतस्थळाविषयीच्या निवेदनासाठी ठेवावा. पाहुण्यांसाठी त्या पानाला 'पायऱ्या, दरवाजे आणि न्हाणीघर' असे साधे शीर्षक द्यावे आणि खाली पायऱ्यांची संख्या, दरवाजांची रुंदी, न्हाणीघरात धरायला दांडी आहे की नाही, आणि गाडी अंगणापर्यंत येते की दगडी पायऱ्यांची पाखाडी उतरावी लागते, हे लिहावे. पाखाडीच्या पायऱ्या मोजूनच लिहाव्यात.