गारठ्यात डिझेल इंजिन: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: आमचा 45 एचपीचा तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर आठ वर्षांचा आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे बागेत ब्लोअर चालवायचा म्हटलं की चालू व्हायला अर्धा तास घेतो. दुपारी तोच एका सेल्फमध्ये चालू होतो. कोणी म्हणतं डिझेल गोठतंय, कोणी म्हणतं एअर फिल्टरपाशी पेट्रोलचा बोळा धरा. खरं काय? – द्राक्ष बागायतदार, निफाड

डिझेल गोठत नाही. आपल्याकडे नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पंपावर जे डिझेल मिळतं, त्यातलं मेण जमून फिल्टर तुंबण्याचं तापमान मानकानुसार जास्तीत जास्त 6 अंश असायला हवं. निफाडला पारा 4-5 अंशांवर उतरतो तो पहाटेच्या थोड्या वेळापुरता. 40-50 लिटर डिझेलने भरलेली टाकी तेवढ्यात तितकी गार होत नाही. उन्हाळ्यात भरलेलं डिझेल टाकीत तसंच पडून असेल तर मात्र शंका घ्यायला जागा आहे. त्याची मर्यादा 18 अंशांची असते.

खरं कारण इंजिनाच्या आत आहे. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, ती तापते आणि त्या उष्णतेवर डिझेल पेटतं. हवा दाबून सतराव्या हिश्श्याच्या जागेत कोंबणाऱ्या इंजिनात बाहेरची हवा 30 अंश असेल, तर दाबल्यावर ती हिशेबाने साडेपाचशे अंशांच्या आसपास जाते. बाहेर 5 अंश असेल तर पावणेपाचशे. म्हणजे बाहेरचा 25 अंशांचा फरक आत 70 अंशांचा होतो. तरीही पावणेपाचशे अंश डिझेल पेटायला पुरेसे आहेत. घात होतो तो इंजिन हळू फिरल्यामुळे. पिस्टन रेंगाळत वर गेला की तापलेली हवा आपली उष्णता गार लायनरला (सिलिंडरच्या आतल्या भिंतीला) देऊन टाकते, काही हवा पिस्टनच्या रिंगांतून खाली निसटते आणि तापमान तीनशेच्या आसपासच अडकतं. म्हणून थंडीतल्या तक्रारीत पहिला प्रश्न डिझेलचा नसतो. इंजिन पुरेशा वेगाने फिरतंय का, हे आधी बघायचं.

उद्या पहाटे एक करा. एकाने सेल्फ मारायचा, दुसऱ्याने सायलेन्सरच्या तोंडाकडे बघायचं. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर डिझेल आत पोचतंय पण पेटत नाही. मग वेग, कॉम्प्रेशन (हवेवर पडणारा दाब) किंवा नोझलचा (डिझेल फवारणाऱ्या तोंडाचा) दोष धरायचा. धूर अजिबात नसेल तर डिझेल पोचतच नाही. अर्धा तास बॅटरी उतरवण्यापेक्षा हे दहा सेकंद जास्त सांगून जातात.

धूर येत असेल तर मल्टिमीटर घ्या. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीवर 12.6 व्होल्ट दिसायला हवेत. सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली जायला नको. गेला तर बॅटरी चार्ज करून पुन्हा बघा, तरी जात असेल तर बॅटरी संपली. शून्य अंशाजवळ चांगली बॅटरीही आपली साधारण 20 टक्के ताकद गमावते आणि त्याच वेळी घट्ट झालेलं ऑइल सेल्फकडून जास्त करंट मागतं. बॅटरी ठीक असेल तर केबल बघा. मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लस खुंटीवर, दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर ठेवून सेल्फ मारा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर वाटेत कुठेतरी गंज आहे. हीच तपासणी मायनस खुंटी आणि इंजिनाच्या ब्लॉकमध्ये करा. अर्थिंगची पट्टी चेसिसला जिथे बोल्टने कसलेली असते, तिथे रंगाखाली गंज धरतो आणि बाहेरून काही कळत नाही. पट्टी काढून दोन्ही पृष्ठभाग पॉलिश पेपरने चकचकीत करा, पुन्हा कसून वरून ग्रीस लावा. पुष्कळ बॅटऱ्या या एका बोल्टपायी उगाच बदलल्या जातात, याचं वाईट वाटतं.

वेग चांगला आहे, धूरही आहे, तरी पेटत नाही, असं असेल तर टॅपेटचा (व्हॉल्व ढकलणाऱ्या भागाचा) गॅप तपासा. गॅप कमी झाला की व्हॉल्व पूर्ण बसत नाही आणि कॉम्प्रेशन निसटतं. गॅप किती ठेवायचा हे ट्रॅक्टरच्या पुस्तकातूनच घ्या, अंदाजाने नको. त्यानंतर नोझल टेस्टिंगला द्या. थेंब गाळणारं नोझल उन्हाळ्यात खपून जातं, थंडीत उघडं पडतं.

धूर नसेल तर फीड पंपाचा (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाचा) हातपंप 15-20 वेळा दाबून मग सेल्फ मारा. लगेच चालू झाला तर निदान झालं. रात्रभरात लाइनमध्ये हवा शिरते आणि डिझेल टाकीकडे उतरतं. टाकी ते फीड पंप या भागात हवा शिरली तरी बाहेर डिझेल गळताना दिसत नाही, म्हणून ही चूक सापडत नाही. जुना रबरी पाइप गारठ्यात कडक होऊन क्लिपपाशी सैल पडतो. डिझेलचा पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे (बँजो बोल्टचे) तांब्याचे वायसर एकदा दाबले गेले की पुन्हा तितके नीट बसत नाहीत, तेव्हा फिल्टर बदलताना नवेच घाला. संशय असेल तर लाइनमध्ये वीतभर पारदर्शक पाइप जोडा. सकाळी त्यात बुडबुडे धावताना दिसतात.

रोज चालू करताना क्लच पूर्ण दाबून ठेवा. गिअरबॉक्समधलं गार ऑइल घुसळण्यात सेल्फची बरीच ताकद जाते. लिफ्ट खाली ठेवा, हँड अ‍ॅक्सिलरेटर अर्ध्याच्या वर ठेवा. सेल्फ एका वेळी 10 सेकंद, मग किमान अर्धा मिनिट थांबायचं. इंजिनाने पकडलं की लगेच अ‍ॅक्सिलरेटर खाली आणा.

पेट्रोलचा बोळा नको, ईथरचा स्प्रेही नको. पिस्टन वर पोचण्याआधीच ही दोन्ही भडकतात. तो धक्का रिंगा आणि रिंगांमधल्या पिस्टनच्या कडा तोडतो, कधी कनेक्टिंग रॉड वाकवतो. ज्या ट्रॅक्टरला इनलेट मॅनिफोल्डमध्ये हीटर आहे, तिथे तर मॅनिफोल्डच फुटू शकतो. शिवाय रिंगा गेल्या की कॉम्प्रेशन आणखी घटतं आणि पुढच्या हिवाळ्यात बोळ्याशिवाय इंजिन चालूच होत नाही.

प्रश्न: विहिरीवर 5 एचपीचं हॅन्डलचं पाण्याने गार होणारं इंजिन आहे. सकाळी हॅन्डल मारून दंड भरून येतात. काही उपाय? – शेतकरी, जुन्नर तालुका

आधी कान द्या. डीकॉम्प्रेशनचा (सिलिंडरमधला दाब सोडणारा) लिव्हर उचलून हॅन्डल सावकाश फिरवा. नोझलमधून 'टर्र टर्र' असा आवाज यायला हवा. तो आवाज म्हणजे नोझल उघडून फवारा मारतंय. आवाज नसेल तर कितीही जोर लावला तरी उपयोग नाही. फिल्टरचा आणि मग पंपाचा एअर स्क्रू सैल करून हवा काढा. शेवटी नोझलकडे जाणाऱ्या पाइपचा नट अर्धा आटा सैल करून, डिझेल अखंड येईपर्यंत हॅन्डल फिरवा आणि नट कसा.

आवाज येत असेल तर सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या जॅकेटमध्ये 5-10 लिटर गरम पाणी घाला. हात घालवेल इतकंच गरम, उकळतं नको. गार ओतीव लोखंडाला उकळत्या पाण्याने तडा जातो. पाच-दहा मिनिटं थांबा. रिंगा झिजल्या असतील तर एअर फिल्टर काढून इनलेटमध्ये इंजिन ऑइलचे पाच-सहा थेंब सोडा, त्याने रिंगांची फट तात्पुरती बुजते. वाटीभर ओतलंत तर ते दाबलं जात नाही आणि रॉड वाकतो. मग लिव्हर उचललेला ठेवून आठ-दहा जोरकस फेरे घ्या आणि फ्लायव्हील पूर्ण वेगात असतानाच लिव्हर सोडा. अंगठा हॅन्डलभोवती गुंडाळू नका, चार बोटांच्या बाजूलाच ठेवा. इंजिनाने उलटा झटका दिला तर हॅन्डल हातातून सुटायला हवं, नाहीतर मनगट मोडतं.

प्रश्न: माझी डिझेल गाडी सकाळी चालू होते, पण पहिला मिनिटभर थरथरते आणि पांढरा धूर सोडते. – नागपूर

एखादा हीटर प्लग (चालू करताना सिलिंडरच्या आत तापणारा प्लग) गेलेला असण्याची शक्यता सर्वांत मोठी. तीन सिलिंडर पेटतात, चौथा थोडा तापल्यावर पेटतो. प्लगची वायर काढा आणि प्लगचं टोक ते ब्लॉक असा रोध मोजा. चांगला प्लग एक ओहमच्या आसपास किंवा त्याहून कमी दाखवतो, तुटलेला काहीच दाखवत नाही. बॅटरीची थेट वायर लावून तपासण्याची जुनी पद्धत नव्या गाड्यांत वापरू नका. त्यांतले पुष्कळ प्लग 12 व्होल्टचे नसतात, ते क्षणात जळतात.

प्लग काढायचे ते इंजिन गरम असताना, आदल्या रात्री गंज सैल करणारं तेल सोडून, आणि लांब दांड्याचा पाना न लावता. हेडमध्ये प्लग तुटला तर पुढचं काम प्लगच्या किमतीच्या कितीतरी पट महाग पडतं.

आता हीटर प्लगच्या दिव्याबद्दल. किल्ली फिरवल्यावर स्प्रिंगसारखं चिन्ह विझलं की सेल्फ मारा. खूप गारठा असेल तर किल्ली बंद करून पुन्हा एकदा दिवा विझू द्या, मग मारा.

प्रश्न: जानेवारीत पुण्याहून डिझेल एसयूव्ही घेऊन लेहला जायचं आहे. डिझेलमध्ये केरोसीन मिसळावं का? – पुणे

नाही. आजच्या डिझेल गाड्यांतल्या कॉमन रेल इंजिनाचा उच्च दाबाचा पंप डिझेलच्याच वंगणावर चालतो, केरोसीनमध्ये ते वंगण पुरेसं नसतं. पेट्रोल तर मुळीच नको. लडाखसाठी इंडियन ऑइलने नोव्हेंबर 2019 मध्ये हिवाळी डिझेल आणलं. ते उणे 33 अंशांपर्यंत वाहतं ठेवलेलं आहे. टाकीत मैदानी भागातलं डिझेल भरपूर शिल्लक ठेवून वर जाऊ नका. ते जितकं कमी उरेल तितकं हिवाळी डिझेल जास्त मावेल. मग गाडी निदान 15-20 किलोमीटर चालवा, म्हणजे फिल्टरमध्येही नवं डिझेल पोचेल. ही चूक फार जण करतात: टाकी नवी भरतात आणि गाडी तिथेच उभी करतात. फिल्टरमध्ये जुनंच डिझेल राहतं आणि रात्री मेण जमतं.

मेण एकदा जमलं की वरून अ‍ॅडिटिव्ह ओतून उपयोग नाही. फिल्टर बदला किंवा गाडी आडोशाला नेऊन फिल्टरवर गरम पाण्यात पिळलेली फडकी गुंडाळा. टाकीखाली जाळ करू नका.

कुलंट निम्मं पाणी, निम्मं ग्लायकोल असेल तर ते उणे 37 अंशांपर्यंत गोठत नाही. वाटेत नुसतं पाणी भरत गेलात तर ही मर्यादा वर सरकते आणि गोठताना पाणी नऊ टक्के फुगून ब्लॉक फोडतं. पुस्तकात परवानगी असेल तर गारठ्यातही पातळ राहणारं 5डब्ल्यू-30 इंजिन ऑइल घाला. गाडीला डीईएफची (धूर स्वच्छ करणाऱ्या युरियाच्या द्रवाची) टाकी असेल तर तो द्रव उणे 11 अंशांना गोठतो. त्याची घाबरगुंडी नको, गाडी चालू झाल्यावर त्या टाकीतला हीटर तो वितळवतो. रात्री हँडब्रेक लावू नका, ओला ब्रेक गोठून चिकटतो. गिअरमध्ये ठेवून चाकाखाली दगड लावा. लेह 3500 मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच असतो आणि डिझेल पेटणं आणखी अवघड होतं, म्हणून पुण्यात जेमतेम चालू होणारी बॅटरी आणि हीटर प्लग निघण्यापूर्वीच बदला.

प्रश्न: चालू झाल्यावर इंजिन किती वेळ जागेवर गरम करावं? – सातारा

अर्धा ते एक मिनिट. ऑइलचा दिवा विझल्यावर रेस न देता तेवढं थांबा आणि हलक्या पायाने निघा. डिझेल इंजिन जागेवर फार सावकाश तापतं. दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवलं तर अर्धवट जळलेलं डिझेल लायनरवरचं ऑइल धुऊन नेतं आणि बीएस-6 गाडीत काजळीचा फिल्टर भरत जातो. ट्रॅक्टरला दोन-तीन मिनिटं द्या, कारण हायड्रॉलिकचं ऑइलही पातळ व्हायला हवं. लिफ्ट सावकाश दोनदा वर-खाली करा. आवाज न करता उचलू लागली की कामाला जोडा.