न आवडणाऱ्या गवयाला ठेका धरताना

बाळ,

तुझा व्हॉइस मेसेज दोनदा ऐकला. परवा देवल क्लबातल्या मैफलीतनं तू मध्यंतराच्या आधीच उठून गेलास ते मी पाहिलं होतं, रागावलो नाही, पण रात्री साडेअकराला तू जे पाठवलंस ना, "सर हे जयपूरवालं गाणं मला झेपत नाही, सगळे राग सारखेच वाटतात आणि तबलजीला तर कामच नाही, नुसतं धा धिं धिं धा", त्यातलं ते शेवटचं वाक्य ऐकून मी अंथरुणातनं उठून बसलो. कारण अगदी हेच वाक्य मी एकवीस-बावीस वर्षांचा असताना खासबागेजवळ चहाच्या गाडीपाशी उभा राहून चार दोस्तांना ऐकवलंय. आणि ते सगळे माना डोलवत होते. फोनवर बोललो असतो तर तू "हो सर, हो सर" म्हणून ठेवून दिला असतास, म्हणून लिहितोय, सवडीनं वाच.

आधी माझं सांगतो. त्या वयात माझा हात चांगला फिरत होता, कायदे-रेले, म्हणजे तबल्याच्या बांधलेल्या रचना, तोंडपाठ, रोजचा चार तास रियाज, आणि डोक्यात एकच की कुणीतरी गवई मधे थांबून म्हणावा, हं, वाजवा. आता आपलं कोल्हापूर पडलं अल्लादियाखाँसाहेबांचं, ज्यांनी हे जयपूरवालं घराणं उभं केलं. शाहू महाराजांनी त्यांना दरबारात ठेवलं, त्यांचे चिरंजीव भूर्जीखाँसाहेब इथंच शिकवत होते, त्याच घराण्यातल्या गायिका धोंडूताई कुलकर्णींचा तर जन्मच इथला आणि तालीमही भूर्जीखाँकडची. मग इथं गाणं शिकलेल्या, शिकवणाऱ्या निम्म्या लोकांच्या गळ्यात जयपूर-अत्रौली असणारच, आणि त्या गाण्यात तबलजीनं ठेका द्यायचा, म्हणजे तालाचे ठरलेले बोल तेवढे फिरून फिरून वाजवायचे. स्वच्छ, सारखा, न हलणारा ठेका. मला हा अन्याय वाटायचा. इतकं शिकून मी काय घड्याळ व्हायचं का, असं वाटायचं.

आणि ह्याच घराण्याचे गवई मल्लिकार्जुन मन्सूर तर मला अजिबात आवडायचे नाहीत, हे आज लिहितानाही आत काहीतरी टोचतं. आमच्या घरी भीमसेनजी. वडिलांनी कॅसेट लावली की ती तान छातीवर आदळायची, आवाज कसा भरलेला, खर्जापासून तारसप्तकापर्यंत एकच वजन. त्याच्यापुढं मन्सूरांचा आवाज मला पातळ वाटायचा, टोकदार, आणि ख्याल सुरू होतोय म्हणेपर्यंत संपायचा, वर रागांची नावं अशी की ज्यांचे आरोह-अवरोह आमच्या क्लासच्या वहीत कधी आलेच नव्हते. खट, रायसा कानडा, संपूर्ण मालकंस. मला वाटायचं लोक उगाच अवघड म्हणून वाहवा करतात. ह्याच घराण्याच्या केसरबाई केरकरांची जुनी रेकॉर्ड कुणी लावली तर मी खोलीतनं बाहेर जायचो. (तुला ते रील पाठ आहे, १९७७ साली व्हॉयेजर यानाबरोबर गेलेल्या तबकडीवर केसरबाईंची भैरवी आहे म्हणून, तू मलाच पाठवलं होतंस. ती भैरवी तू पूर्ण ऐकलीस का, हे मी तेव्हा विचारलं नाही, आता विचारतो. साडेतीन मिनिटांची आहे.)

मग झालं असं की एका वयस्कर बाईंकडं सकाळच्या रियाजाला तबलजी पाहिजे होता. नाव लिहीत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. मंगळवार पेठेत जुनं घर, माडीवर बैठक, साडेसहाला बसायचं. मला पैशाची गरज होती म्हणून गेलो, गाण्यासाठी नाही. पहिल्याच दिवशी बाई म्हणाल्या, तीनताल दे, आणि मी सांगेपर्यंत काही घालू नकोस. दोन वर्षांत त्यांनी कधी सांगितलंच नाही.

पहिले चार-पाच महिने मी तिथं बसून मनातल्या मनात कायदे म्हणायचो. मग एका सकाळी, राग बिहागडा होता, बाईंनी अस्ताईची, म्हणजे चिजेच्या पहिल्या भागाची, पहिली ओळ म्हटली आणि आकारात, नुसत्या 'आ'वरच्या गाण्यात, शिरल्या, श्वास कुठं घेतला ते कळलं नाही, स्वर एकात एक असे गुंफत चाललेत की आता ह्या समेला, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेला, येत नाहीत असं मला खात्रीनं वाटलं, सोळांतली बारावी मात्रा गेली, तेरावी गेली, अजून त्या वरच आहेत, आणि मी जरा, अगदी केसभर, लय ओढून धरली, त्यांना सांभाळून घ्यायला म्हणून. त्यांनी डोळे उघडले. मुखडा, समेकडं नेणारा चिजेचा तुकडा, त्यांनी बरोबर उचलला होता, समेवर बरोबर आल्या होत्या, चुकलो होतो मी. गाणं थांबवून त्या एवढंच म्हणाल्या, "मी तुझ्या ठेक्यावर घर बांधते आणि तू पाया हलवतोस."

त्या दिवसापासून मी मोजायला लागलो. माझ्या मात्रा नव्हे, त्या मात्रांच्या आत त्या काय करतात ते. आणि मग दिसायला लागलं की त्यांचा एकही स्वर लयीपासून सुटा नाही, आलापातला संथ दिसणारा आकारसुद्धा मात्रेच्या आतल्या बारीक तुकड्यांना टेकत टेकत पुढं जातोय, तान तर सरळ वर जाऊन सरळ खाली येतच नाही, वळणं घेते, आणि ती वळणं ठेक्याच्या अंगाअंगानं आहेत. मला जे रिकामं वाटत होतं तिथंच सगळं काम चाललेलं. ठेक्यात मी काही घातलं असतं तर ते दिसलंच नसतं, बाळ. तुला ज्याचा कंटाळा आला ना परवा, ते तुझ्यासाठीच मोकळं ठेवलेलं होतं, ऐकायला.

मग मन्सूरांची कॅसेट परत लावली, त्याच खोलीत, त्याच टेपवर. मी आजवर त्यांच्या आवाजात भीमसेनजी शोधत होतो आणि ते सापडत नाहीत म्हणून चिडत होतो, एवढं साधं होतं ते. त्यांना तसला पसारा मांडायचाच नव्हता. एक आवर्तन वाया घालवायचं नाही, राग पहिल्या दोन मिनिटांत समोर उभा करायचा आणि मग त्याला हलू द्यायचं नाही, आणि त्यासाठी तो टोकदार आवाजच पाहिजे, भरदार आवाजाला इतक्या बारीक गल्ल्यांतनं वळता आलं नसतं असं माझं मत आहे, कुणी वाद घातला तर घालू दे. आणि एक गोष्ट बघ, ह्या माणसानं स्वतः आधी मिरजेला नीलकंठबुवांकडं ग्वाल्हेरची तालीम घेतलेली, नाव झालेलं, रेकॉर्ड निघालेल्या, आणि तरी अल्लादियाखाँसाहेबांचे चिरंजीव मंजीखाँ यांचं गाणं ऐकून परत शिष्य म्हणून खाली बसले, १९३७ साली मंजीखाँ गेले तर त्यांचे भाऊ भूर्जीखाँ यांच्याकडं शिकले. म्हणजे ज्यांचं गाणं मला एका ऐकण्यात कळायला पाहिजे होतं, त्यांनी स्वतः ते कळायला अर्धं आयुष्य दिलेलं.

तर माझं म्हणणं असंय की एखादा कलाकार आवडत नाही म्हटल्यावर लगेच "आवडून घे" म्हणून स्वतःच्या मागं लागू नकोस, त्यानं काही होत नाही, उलट खोटं वाहवा करायची सवय लागते आणि ती फार वाईट. आधी आपली नावड कशाची बनलीये ते बघ. माझी मन्सूरांबद्दलची नावड अर्धी तुलनेची होती आणि अर्धी स्वार्थाची, मला वाजवायला मिळत नव्हतं. कानाचा त्यात काही संबंधच नव्हता.

कुमारांचं वेगळं. कुमार गंधर्व मला तुटक वाटायचे, स्वर लावला की सोडला, लावला की सोडला. मग कुणीतरी सांगितलं की त्यांना क्षय झाला होता, देवासला काही वर्षं गाणं पूर्ण बंद होतं, एक फुफ्फुस निकामी झालेलं. ते कळल्यावर मला वाईट वाटलं, आदर वाटला, पण गाणं काय आवडलं नाही. हे तुला मुद्दाम सांगतोय कारण तुमच्या पिढीला माहिती लगेच मिळते, दोन मिनिटांत आख्खं चरित्र, आणि गोष्ट आवडली की गाणंच आवडलं असं वाटायला लागतं. मला कुमार आवडायला अजून दहा वर्षं लागली, आणि ते त्यांच्या माळव्यातल्या लोकगीतांमुळं. ती बिनतालमीची, बायकांच्या तोंडची गाणी त्यांच्या गळ्यातनं ऐकली तेव्हा तो तुटलेपणा बोलण्याचा आहे हे लक्षात आलं, माणूस बोलताना थांबतो तसा थांबलेला. दम नाही म्हणून थांबला असं मी समजत होतो. दमही कमी असेलच, पण त्यानं त्या कमी दमातनं जे बोलणं काढलं ते दुसऱ्या कुणाला दोन फुफ्फुसांत जमलेलं नाही.

आता जे सांगतो ते जरा जड आहे. हलगी.

खासबागेत कुस्त्या बघत मी लहानाचा मोठा झालो, हलगी, घुमकं, कैताळ हा कुस्तीचा बाजा कानावर कायम, आणि तरी तबला शिकायला लागल्यावर मी हलगीला वाद्य म्हणायचो नाही. गोंगाट म्हणायचो. घरात कुणी तसं शिकवलं नव्हतं तोंडानं, पण हलगी वाजवणारे कुठल्या वस्तीतनं येतात, मैदान संपल्यावर ते कुठं बसतात, त्यांना चहा कुठल्या कपात मिळतो, हे सगळं मी बघत होतो आणि त्यातनं जे शिकायचं ते शिकलो होतो. माझी ती नावड जातीची होती. दुसरा शब्द नाही. पन्नाशीत, एका मैदानात पाऊस भुरभुरत होता, एक म्हातारे हलगीवाले जाळावर हलगी शेकत होते, कातडं ताणून सुरात आणायला, बोटानं टिचकी मारून कान लावून ऐकत होते, अगदी मी हातोडीनं गट्टे ठोकून तबला लावताना ऐकतो तसं. मग वाजवायला लागले. उजव्या हातात जाड टिपरू, डाव्यात बारीक काडी, डोळे पैलवानांच्या पायावर, पकड बसतीये असं दिसलं की लय अशी काही आवळायचे की आख्खं मैदान पुढं सरकायचं, आणि पकड सुटली की त्याच क्षणाला सैल. लिहिलेलं काही नाही, ठरलेलं काही नाही. मी इतकी वर्षं साथ करत होतो आणि अशी साथ मला येत नव्हती. नंतर त्यांच्याशी बोललो, त्यांच्याकडं गेलोही चार-सहा वेळा, पण उशीर झालेला, हात शिकायच्या वयात नव्हता. ह्या एका गोष्टीचं मला खरंच दुःख आहे, म्हणून तुला पंचविशीतच सांगून ठेवतोय.

सगळेच आवडतील असं नाही हं. काही मोठी मोठी नावं मला आजही आवडत नाहीत आणि मी तसा आव आणत नाही. वर्षा-दोन वर्षांनी परत एकदा ऐकतो, नाही बसलं तर ठेवून देतो.

तुझ्यापुरतं म्हणशील तर एकच कर. मन्सूरांची तीनतालातली कुठलीही एक चीज घे, पंधरा-वीस मिनिटांची, तीच पंधरा दिवस ऐक, दुसरी नाही. हेडफोन घाल, फोन उलटा ठेव, बोटांवर मात्रा मोज. बाकी रागाबिगाचं नाव वाचायला जाऊ नको. फक्त मुखडा कुठल्या मात्रेला उचलतात ते दर आवर्तनाला मोज आणि वहीत आकडा लिही. आणि जुन्या रेकॉर्डींबद्दल एक लक्षात ठेव, अठ्ठ्याहत्तर आरपीएमच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटंच मावायची, त्यामुळं केसरबाई तिथं जे गातात ते तासाभराच्या गाण्याचं पिळून काढलेलं आहे, पहिल्यांदा ऐकताना दम लागणारच. खरखरीचं काही वाटून घेऊ नको, पाचव्या-सहाव्या वेळी ती ऐकू येत नाही.

आणि रविवारी सकाळी सव्वासहाला माझ्याकडं ये. एक मुलगी रियाजाला येते, इचलकरंजीहून पहिल्या एसटीनं, बिहागडाच घेतलाय तिनं सध्या. तबला तुझा आण, माझ्या डग्ग्याची शाई उडालीये. तीनताल द्यायचा, दोन तास, मी सांगेपर्यंत मधे काही घालायचं नाही.

तुझा,
सर